येन, ऐन, साज आणि सादडा

'आमच्या साकोलीकडे ज्याला येन म्हणतात ते झाड आणि पुस्तकातला ऐन एकच का? मग सादडा कोणता?' असं एका शिक्षकमित्राने विचारलं आहे.

येन आणि ऐन एकच, फरक उच्चाराचा. गोंदियापलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात शिरलं की तेच झाड साज होतं. गोंड समाज बडादेवाचा वास याच झाडात मानतो, म्हणून साज हे नाव आदराने घेतलं जातं. ('ऐन वेळी' मधला ऐन अरबीतून आला आहे. झाडाशी त्याचं नातं नाही.)

खरा घोळ सादड्याचा. कुणी ऐनाला सादडा म्हणतं, कुणी अर्जुन या दुसऱ्या झाडाला. अर्जुनसादडा हे नाव तर कोशांतही आहे. पण मला यात अडाणीपणा दिसत नाही, निरीक्षण दिसतं. गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे लोक ऐनाला नल्लमद्दी म्हणतात आणि अर्जुनाला तेल्लमद्दी, म्हणजे काळी मद्दी आणि पांढरी मद्दी. आधी कूळ ओळखायचं, मग सालीच्या रंगावरून भाऊ वेगळे करायचे. वनस्पतिशास्त्रही दोघांना टर्मिनालिया या एकाच प्रजातीत बसवतं. आणि टसर रेशमाची अळी दोघांचाही पाला खाते! भंडारा-गडचिरोलीतले ढिवर समाजाचे लोक या झाडांवर अळ्या सोडतात आणि कोष होईपर्यंत पाखरांपासून, मुंग्यांपासून राखण करतात. त्या कोषांच्या धाग्यातून विदर्भाची करवतकाठी साडी विणली जाते. ज्यांचं पोट या पाल्यावर चालतं, त्यांना दोन्ही झाडं एका नावाखाली घ्यावीशी वाटली तर नवल काय?

ऐनाचं लाकूड गर्द तपकिरी, जड आणि टणक असतं, खांबांना चालणारं. सालीच्या राखेत चुना इतका असतो की ती पानाबरोबर चुन्याच्या जागी खाल्ली जाते.

तेव्हा शाळेच्या वृक्षनोंदीत 'येन (ऐन)' असंच लिहा, येन खोडू नका. सादडा एकटा लिहू नका, कोणता ते कळणार नाही. झाडाखाली उभं राहिल्यावर साल पाहा: ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली; अर्जुनाची फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. अर्जुन बहुधा नदी-नाल्याच्या काठी सापडेल. तरीही शंका राहिली तर फळ उचला. पाच पंख दोघांनाही असतात, पण ऐनाच्या पंखांवरच्या शिरा आडव्या सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात.