काम येतं, पण हे आपलं काम नव्हे – साहेबांना कसं सांगावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या अंबडमधल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सव्वाचार वर्षं क्वालिटीत आहात, काम व्यवस्थित येतं पण त्यात मन रमत नाही, आणि साहेब चांगले असल्यामुळेच तोंड उघडवत नाही. साहेब चांगले आहेत ही मोठी जमेची बाजू आहे. खरी मेहनत बोलण्याच्या आधी करावी लागते.

आधी दोन आठवडे एक वही ठेवा. शिफ्ट संपताना लिहा: आज काय काय केलं, प्रत्येकाला किती वेळ गेला, आणि ते करताना जीव उबगला की वेळ कसा गेला ते कळलंही नाही. समजा, कस्टमरकडून बरची, म्हणजे पार्टच्या कडेला राहिलेल्या धातूच्या खरखरीत कंगोऱ्याची, तक्रार आली. त्यांच्या प्लांटवर जाऊन लॉट सॉर्ट करणं (चांगले-खराब पार्ट वेगळे करणं), फोनवर बोलणी खाणं, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) भरणं, आणि आपल्या कारखान्यात मशीनपाशी उभं राहून बर आली कशामुळे ते शोधणं: इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला होता, टूल लाइफ (ठरलेलं आयुष्य) संपूनही बदलला नव्हता, की कोणी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) वाढवला होता. ही चारही कामं क्वालिटीचीच. पण मशीनपाशी जेवणाची सुट्टी विसरत असाल आणि बाकी तिन्हींत जीव जात असेल, तर तुमची जागा प्रोसेस इंजिनिअरिंग (पार्ट कसा बनवायचा ते ठरवणारं खातं) किंवा टूलरूममध्ये (टूल बनवणारं, दुरुस्त करणारं खातं) आहे. कस्टमरशी बोलण्यात खुलत असाल तर मार्केटिंगचा तांत्रिक भाग बघा. ‘क्वालिटी नको’ एवढंच सांगितलं तर साहेबांच्या हातात काहीच पडत नाही. ‘हे काम हवं’ असं सांगितलं तर ते कोणाला तरी फोन करू शकतात.

वहीत कामाऐवजी तिसरी पाळी, पगार किंवा एकच माणूस पुन्हा पुन्हा येत असेल, तर खातं बदलून काही साधणार नाही. त्यासाठी वेगळं बोलावं लागेल, आणि ते आधी बोला.

वेळ नीट निवडा. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा, तेव्हा कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. ऑडिटचा आठवडा आणि कस्टमर तक्रारीनंतरचे दिवसही टाळा. तक्रारीनंतर बोललात तर पळ काढताय असंच वाटतं. साधारण १० ते १८ तारखेच्या दरम्यान, सकाळची प्रॉडक्शन मीटिंग आटोपल्यावर विचारा: “सर, वीस मिनिटं हवी होती. माझ्या कामाबद्दल बोलायचंय, राजीनामा वगैरे नाही.” हे शेवटचे शब्द नक्की म्हणा. ‘जरा बोलायचं होतं’ म्हटलं की साहेबांच्या डोक्यात दुसऱ्या कंपनीची ऑफरच येते, आणि मग बसल्यापासून ते सावध होतात.

बसल्यावर प्रस्तावना लांबवू नका. “सर, क्वालिटीचं काम मी करतोय आणि करत राहीन. पण माझा जास्त उपयोग प्रोसेसमध्ये होईल असं मला वाटतं. गेल्या वर्षातल्या या दोन तक्रारींत मूळ कारण मशीनवर सापडलं, ते काम मी केलं होतं. सहा महिन्यांत तिकडे जाता येईल का?” एवढं बोला आणि गप्प बसा. ती शांतता भरून काढायला जाऊन लोक ‘तसं काही विशेष नाही सर’ म्हणतात आणि सगळं पाण्यात जातं. ‘इथे ग्रोथ नाही’ हे वाक्य मात्र नको. त्याच खात्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला ते लागतं.

साहेबांची खरी काळजी ‘याच्या जागी कोण?’ ही असते. नवीन माणसाची मंजुरी मिळून तो तयार होईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. म्हणून एक कागद घेऊन जा: तुमच्याकडचे पार्ट नंबर, कोणता कंट्रोल प्लॅन (पार्टमध्ये काय, कसं आणि कधी तपासायचं त्याचा तक्ता) कोण सांभाळू शकेल, आणि सहा ते आठ आठवड्यांचं हँडओव्हर. माझ्या मते बोलण्यापेक्षा या कागदानेच जास्त काम होतं.

त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: काय बोलणं झालं, काय ठरलं, पुन्हा कधी बसायचं. ‘बघू’ असं उत्तर मिळालं तर विचारा, “सर, कशावर अवलंबून आहे?” आणि तारीख मागून घ्या. एचआरकडे साहेबांच्या आधी जाऊ नका. कंपनीच्या बसमध्ये, कँटीनमध्ये किंवा गेटबाहेरच्या टपरीवर याची वाच्यता नको. सातपूर, अंबड, सिन्नर इथले व्हेंडर आणि जुने सहकारी एकमेकांच्या ओळखीचे असतात. तुमच्या आधी बातमी साहेबांच्या कानावर गेली, तर चांगला साहेबही दुखावतो.

कंपनी छोटी असेल आणि शेठच सगळं बघत असतील, तर बदलीला दुसरं खातंच नसतं. तिथे आठवड्यातले दोन दिवस प्रोसेसच्या कामाला मागा. ते मिळणं बरंच सोपं जातं.

आता पैशाचं, कारण सव्वाचार वर्षांवर हे महत्त्वाचं आहे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षं लागतात. त्याच कंपनीत खातं बदललं तर सेवा सलग राहते, बाहेर गेलात तर मोजणी पुन्हा शून्यापासून. ढोबळ हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. म्हणजे दोन्ही मिळून २०,००० असतील तर ५ वर्षांचे साधारण ५७,७०० रुपये. पीएफ त्याच यूएएनवर (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावर) ट्रान्सफर करा. ५ वर्षांच्या आत काढलात तर सहसा कर लागतो. नेमणूकपत्रात नोटीस एक महिन्याची आहे की तीन, आणि ट्रेनिंगचा काही बाँड आहे का, हे बोलण्याआधीच बघून ठेवा.

ठरलेल्या तारखेनंतरही तीन महिने काहीच हललं नाही, तर बाहेर अर्ज करायला लागा. तोपर्यंत ५ वर्षंही जवळ आलेली असतील, म्हणून नवीन कंपनीकडून रुजू होण्याची तारीख त्यानंतरची मागा. वहीतल्या नोंदींवरून बायोडेटा लिहा आणि अर्ज प्रोसेसच्याच जागांसाठी करा. नाहीतर सव्वाचार वर्षांचा अनुभव बघून तुम्हाला पुन्हा क्वालिटीतच घेतील.