कॉफी आणि काजू फेणी: आधी फेस जमव

एस्प्रेसो मार्टिनी म्हणजे कडक कॉफीचं कॉकटेल; त्यात व्होडकाच हवी असा हट्ट धरू नकोस. ती 1980च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेलने व्होडका घालून बसवली, ते ठीक. पण वेंगुर्ल्याला राहून काजू फेणी करून बघायची नाही म्हणजे कमाल झाली! फक्त गोव्यातून बाटली आणायची तर आपल्याकडचं परमिट लागतं, ते आधी बघ.

माप सोपं: फेणी 40 मिली, कडक कॉफी 30, गुळाचा पाक 15. फेणीचा वास दांडगा असतो, म्हणून पहिल्यांदा निम्मी फेणी, निम्मी व्होडका घेतलीस तरी चालेल. चिकरी नसलेली पूड घे. मशीन नसेल तर मोका पॉट (गॅसवर कडक कॉफी करायचं भांडं), तोही नसेल तर दोन चमचे इन्स्टंट 30 मिली गरम पाण्यात. फेस त्यालाही झकास येतो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने पुडीचे खडे होतात, डबा घट्ट लाव.

खरी मेहनत हलवण्यात आहे. कॉफी कोमट झाली की बर्फाने गच्च भरलेल्या बरणीत सगळं ओत. गरमच ओतलीस तर बर्फ वितळून पाणचट होईल, काचही तडकेल. झाकण दाबून धर आणि पंधरा सेकंद जीव खाऊन हलव. बरणी हाताला झोंबेल इतकी गार झाली की लगेच गाळून ग्लासात ओत. थोड्या वेळात तपकिरी फेस वर येऊन बसतो. त्यावर जायफळ किस, अगदी चिमूटभर.

आणि दुसरा ग्लास रात्री दहानंतर नको, झोपेचं खोबरं होतं.