रानडुकरासाठी सॉफ्ट नोज गोळी बरी की फुल जॅकेट? कोणती किती फुलते आणि किती आत जाते?

आधी नावं: सॉफ्ट नोज म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, आत शिरल्यावर फुलणारी गोळी; फुल जॅकेट म्हणजे टोकापर्यंत कवच असलेली, न फुलणारी. तुम्ही लिहिलंय की वडिलांची .३१५ रायफल आता तुमच्या लायसन्सवर चढली आहे, जोडीला .३०-०६ घ्यायचं मनात आहे, आणि एका जाणकारानं तुम्हाला सांगितलंय की आरपार जाते तीच खरी गोळी, फुलणारी गोळी म्हणजे पैसे पाण्यात. हे जाणकार शिरपूरकडचे आणि फौजेतून निवृत्त झालेले असतील, तर ते माझे थोरले मामाच असण्याची दाट शक्यता आहे. नसले तरी उत्तर बदलत नाही. साफ चूक आहे ते.

मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "फौजेत कोणी सॉफ्ट नोज वापरतं का?" नाही वापरत. पण का नाही वापरत, हे ते कधीच सांगत नाहीत. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात इंग्रजांनी टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी बनवली. ती अंगात शिरली की फुलायची, आणि जखम अशी व्हायची की १८९९ च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्या लढाईत वापरायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे फौजेची गोळी पूर्ण कवचाची असते ती जास्त मारते म्हणून नाही. जनावराच्या बाबतीत हिशेब बरोबर उलटा आहे. तिथं ते जागेवर पडावं, जखमी होऊन रात्रभर तडफडू नये, हेच बघायचं असतं. इंग्लंडात हरणावर रायफल चालवायची तर गोळी सॉफ्ट नोज किंवा हॉलो नोज (टोकाला पोकळी असलेली) अशीच लागते, १९९१ चा तसा कायदाच आहे तिथं. फुल जॅकेट वापरलीत तर गुन्हा.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

आमची शेती यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. सगळी केळी. डुकरांचा कळप एकदा बागेत शिरला की खोडं आडवी करतो, कंद उकरतो, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे करून जातो. त्या वर्षी वन विभागाची लेखी परवानगी मिळाली आणि मामा शिरपूरहून त्यांची .३०-०६ घेऊन आले. वडिलांकडे .३१५ होती, इशापूरच्या कारखान्याची, पण मामांच्या मते ती "म्हाताऱ्यांची काठी". मामांची काडतुसं फुल जॅकेट, १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), टोकदार. दिवस मावळायच्या आत नाल्याच्या बांधावर सुळेवाला मोठा नर आडवा आला. मामांनी बार काढला. नेम उत्तमच होता, तिथं मी त्यांना नावं ठेवणार नाही. खांद्याच्या मागं गोळी लागली आणि त्याच क्षणी पलीकडच्या बांधावर माती उडाली. डुक्कर अडखळलंसुद्धा नाही. सरळ शेजारच्या केळीत घुसलं.

मामा खूश. "आरपार गई, आखो काय जोयजे?"

काय जोयजे ते सकाळी कळलं. बांधावर रक्ताचे चार-दोन थेंब, पुढं काहीच नाही. बारीक भोक पडलेलं असलं की डुकराची चामडी आणि चरबी ते आतून बुजवून टाकते, मग माग काढायचा तरी कशावर? रात्री टॉर्च घेऊन सगळे फिरले, उपयोग झाला नाही. उजाडताना शेजाऱ्यांचा सालदार ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला गेला आणि पाचटाखाली बसलेलं ते जनावर त्याच्यावर उठलं. मांडी गुडघ्यापासून वर फाटली. त्याला जळगावला नेलं, टाके पडले, तो हंगाम त्याचा लंगडण्यात गेला. दवाखान्याचा खर्च वडिलांनी दिला.

ते डुक्कर नंतर वडिलांनीच पाडलं, त्याच म्हाताऱ्यांच्या काठीनं, खडकीच्या कारखान्याच्या सॉफ्ट नोजनं. एकच बार झाला आणि ते चार पावलांत बसलं. पंचनाम्याच्या वेळी पलीकडच्या बाजूला कातडीखाली टणक गाठ हाताला लागली. वनरक्षकांना विचारून गोळी काढली. टोकाचा भाग मागं वळून भूछत्र झालेलं, कवचाच्या पाकळ्या शिशाला चिकटलेल्या, बूड मात्र जसंच्या तसं. व्हर्नियर लावला. मूळची आठ मिलिमीटरच्या आसपास असणारी गोळी पंधरा मिलिमीटर रुंद झाली होती. वजनासाठी जळगावच्या सराफ बाजारात वर्गमित्राच्या पेढीवर गेलो. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅम. काट्यावर भरली जवळपास बारा ग्रॅम, जुन्या तोळ्याला थोडी जास्त. म्हणजे शरीरभर फिरूनही तिनं पाऊण वजन राखलं होतं. मित्रानं विचारलं, "याचं काय करायचं, मंगळसूत्र?" ती गोळी अजून माझ्या खणात आहे.

मामा मानायला तयार नाहीत. म्हणे डुक्कर आधीच अर्धमेलं होतं, तुझ्या बापानं नुसतं शेवटचं ढकललं. मग मी ठरवलं की हा वाद जनावराशिवाय मिटवायचा. घड उतरवून झालेली केळीची खोडं ट्रॉलीत भरली, परवानगी काढली आणि रेंजवर नेऊन एकामागं एक आडवी रचली. रेंजवरचे लोक हसले. पण केळीच्या खोडात पाणीच पाणी असतं, आणि दोन गोळ्यांची एकमेकींशी तुलना करायला ओलं, एकसारखं काहीतरी लागतं. परदेशात दहा टक्क्यांच्या जिलेटीनचे ठोकळे वापरतात, कोणी ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. आमच्याकडे खोडं फुकट होती.

.३१५ ची सॉफ्ट नोज चौथ्या खोडात सापडली. .३०-०६ ची १८० ग्रेनची सॉफ्ट नोज तिसऱ्यातच थांबली, आणि इथं भले भले बुचकळ्यात पडतात. .३१५ ची गोळी नळीतून सुमारे २,००० फूट प्रति सेकंदानं निघते, .३०-०६ ची सुमारे २,७०० फुटांनी. मग वेगवान गोळी कमी आत कशी गेली? वेगामुळेच. जास्त वेगानं आदळली म्हणून जास्त फुलली, जास्त शिसं गाळत गेली, हलकी झाली आणि थांबली. गोळीची रुंदी दुप्पट झाली की समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं, तेवढाच अडथळाही वाढतो. फुलणं आणि खोल जाणं एकमेकांच्या खिशातून खर्च होतं. जवळच्या अंतरावर जोरदार काडतुसाची हलकी सॉफ्ट नोज म्हणूनच कधी कधी वरच्यावर फुटून जाते. तुमच्या जाणकारांनी बहुधा तसली एखादी पाहिली असणार.

मामांची फुल जॅकेट सगळी खोडं पार करून मागच्या मातीत गेली. "बघ, माझीच पुढं गेली!" मी खोडं उभी चिरून दाखवली. त्यांच्या गोळीचं पहिल्या खोडातलं भोक करंगळीही जाणार नाही एवढं. पुढच्या खोडांत भोकाची लांबट चीर झालेली, कारण टोकदार गोळी आत गेल्यावर कलंडते आणि आडवी होऊन फिरते. कुठं कलंडेल, कोणत्या बाजूला वळेल, हे तिच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. सॉफ्ट नोजच्या वाटेत दुसरं खोड आतून फाटून मूठ जाईल एवढं पोकळ झालं होतं. डुकराचं काळीज-फुप्फुस साधारण त्याच खोलीवर असतं. मातीत जाऊन बसलेली गोळी कोणाच्या कामाची? त्या मातीच्या जागी शेजाऱ्याचा गोठा असता तर?

मामांचा दुसरा हुकमी दाखला म्हणजे औट्रम हा इंग्रज अधिकारी. धरणगावला १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणारा आणि खानदेशात वाघांमागं फिरणारा तोच. "त्यानं काय सॉफ्ट नोजनं मारले?" मामा, त्यानं त्याहून मऊ गोळीनं मारले. त्या काळी गोळ्या नुसत्या शिशाच्या, कवच नसलेल्या. तांब्याचं कवच १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रुबिननं आणलं, तेही वेग वाढल्यावर शिसं नळीत खरवडलं जाऊ नये म्हणून. कवच आधी आलं नळीच्या सोयीसाठी, मग शिकाऱ्यांनी टोकावरून ते काढून टाकलं.

तुम्ही बॉन्डेड, पार्टिशन आणि तांब्याच्या गोळ्यांबद्दलही विचारलंय. थोडक्यात सांगतो. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकन कॅनडात मूस (तिकडचं भलं मोठं हरीण) मारायला गेला, त्याच्या गोळ्या वरच फुटल्या, म्हणून त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत ठेवली. पुढचा भाग फुलो, फुटो, भिंतीमागचं शिसं खोल जातच राहतं. तीच पार्टिशन, १९४८ पासून विकली जाते. बॉन्डेडमध्ये शिसं कवचाला आतून जोडलेलं असतं, त्यामुळं दोन्ही वेगळे होत नाहीत. अख्ख्या तांब्याच्या गोळीच्या टोकाला पोकळी असते, ती चार पाकळ्यांत उघडते आणि वजन जवळपास काहीच जात नाही. फुलते थोडी कमी, जाते खोल. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, कारण जनावरात राहिलेले शिशाचे कण खाऊन तिथले कॉन्डॉर गिधाड मरत होते. त्यामुळं तिकडं तांब्याला मागणी आहे. पण यावल-शिरपूरच्या माणसानं यावर रात्र जागवायची गरज नाही. डुकराला साधी, जड सॉफ्ट नोज पुरते. तुमची .३१५ ठेवा. .३०-०६ घेतलीच तर १८० ग्रेनची सॉफ्ट नोज घ्या, १५० च्या नादाला लागू नका.

हो, हेही सांगायला हवं: केळीचं खोड म्हणजे मांस नव्हे. त्यात हाड नाही, आणि नर डुकराच्या खांद्यावर जी चिवट ढाल असते तीही नाही. हाड लागलं की कुठलीही सॉफ्ट नोज जास्त फुटते. .३१५ चा वेग लांबवर झपाट्यानं पडतो, त्यामुळं शंभर मीटरच्या फार पुढं ती फुलण्याची खात्री धरू नका. फुल जॅकेटलाही तिची जागा आहे. हत्तीसारख्या जाड कातडीच्या जनावराला आफ्रिकेत बोथट टोकाची, जड, न फुलणारी गोळीच लागते, कारण तिथं आधी आत पोचणं महत्त्वाचं. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं आपल्याकडे शिकार बंद आहे. पिकाच्या नुकसानीसाठी वन विभागाचा कागद हातात असल्याशिवाय रायफल शेतात न्यायचीच नाही, पाडलेलं जनावरही त्यांच्याच ताब्यात द्यायचं.

वडिलांच्या कपाटात जुनी काडतुसं असतील तर एकेक उजेडात धरून बघा. टोकाला करडं शिसं दिसलं तर सॉफ्ट नोज. टोकापर्यंत तांबूस कवच असेल तर ती फक्त रेंजवर संपवा. आणि त्या जाणकारांना माझ्याकडून एवढंच विचारा की त्यांची गोळी आरपार गेली, मग डुक्कर कुठं सापडलं?