कार्बोरेटर आधी की टर्बो आधी?

प्रश्न : सर, नमस्कार. माझ्याकडे कार्बोरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग) जिप्सी किंग आहे, १२९८ सीसी. भंगारातून आणलेला एका डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून घेतला. बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) ०.४ बार दाखवतंय. थंडीत गाडी लई भारी पळायली होती. पण ऊन वाढलं तशी चढावर टकटक सुरू झाली. तुळजापूरला जाताना मांजरसुंबा घाटात तर पाय काढून घ्यावा लागला. उतारावर पाय सोडला की मागून निळसर धूर येतो, तो वेगळाच. मिस्त्री म्हणतो, जालन्यात जुन्या पिकअपचा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) स्वस्तात मिळतो, तो लावला की सगळं थंड होईल. लावावा का? फोटो सोबत जोडलाय.
– एक वाचक, मानवत (जि. परभणी)

उत्तर : फोटो पाठवलात हे फार बरं केलं. नाहीतर मी "बघावं लागेल" असं म्हणून पान भरलं असतं. फोटोत आधी फिल्टर, मग कार्बोरेटर, मग टर्बो आणि तिथून पाइप सरळ मॅनिफोल्डला (सिलिंडरांना मिश्रण वाटणारा पाइप), अशी रांग दिसते. या रांगेत इंटरकूलर लावू नका. फुकट मिळाला तरी नको.

तुमच्या टर्बोतून नुसती हवा जात नाही, पेट्रोल मिसळलेली हवा जाते. इंटरकूलरच्या गार पत्र्याला ती लागली की पेट्रोलचे थेंब धरतात, ओघळतात आणि खालच्या टाकीत साचतात. मग पाय दाबला की तो साठा एखाद्या सिलिंडरमध्ये जातो आणि बाकीचे कोरडे राहतात. डिसेंबरच्या पहाटे तर गाडी सुरू होता होता बॅटरी उतरेल. एवढंही सहन केलं असतं, पण बॅकफायर झाला, म्हणजे भडका सिलिंडरमधून उलटा पाइपात आला, तर काय? आज मॅनिफोल्डच्या पाइपात पेटण्याजोगा माल थोडकाच असतो. इंटरकूलर आणि त्याचे पाइप जोडले की बंपरमागे काही लिटर तयार मिश्रण घेऊन तुम्ही हिंडणार. ॲल्युमिनियमची ती टाकी फाटायला एक भडका पुरतो.

तुमचा मिस्त्री चुकतोय तो डिझेलच्या सवयीमुळे. डिझेलच्या टर्बोतून कोरडी हवा जाते, इंधन थेट सिलिंडरमध्ये पडतं. तिथे इंटरकूलर लावला की फायदाच. ती सवय इथे लागू होत नाही.

आता तुमचा खरा रोग. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य धुराचं आहे आणि तेच तुम्ही जाता जाता लिहिलंय. कार्बोरेटर टर्बोच्या आधी असला की थ्रॉटलची पाकळीही (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी झडप) टर्बोच्या आधी येते. उतारावर पाय सोडला, पाकळी बंद झाली, की इंजिनाची सगळी ओढ टर्बोवर येते. डिझेल टर्बोच्या शाफ्टला पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते. डिझेलमध्ये ही अशी ओढ नसतेच, म्हणून त्या कडीचं तिथे निभतं. तुमच्याकडे ती ओढ बेअरिंगमधलं ऑइल हवेच्या बाजूला खेचून घेते. म्हणून धूर निळा. ज्या कंपन्यांनी कार्बोरेटर आधी ठेवून टर्बो लावले, त्यांना तिथे कार्बनचं वेगळं सील द्यावं लागलं होतं.

हाच धूर तुमच्या टकटकीचा भाऊ आहे. पेट्रोलमध्ये इंजिन ऑइल मिसळलं की ऑक्टेन (आपोआप न पेटण्याची पेट्रोलची ताकद) घसरतो आणि नॉकिंग, म्हणजे तुमची ती टकटक, लवकर येतं. म्हणजे आधीच तापलेल्या हवेत तुम्ही वरून ऑइल पाजताय, आणि मिस्त्री इंटरकूलर लावायला निघालाय. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला!

गरमीचा भागही खोटा नाही, त्याचा हिशोब सांगतो. बाहेर ४३ अंश असताना ०.४ बारला दाबलेली हवा साधारण ९५ ते १०० अंशांवर जाते, टर्बो जुना असेल तर त्याहून वर. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १२ अंश असताना तोच टर्बो तेवढ्याच बूस्टला हवा ६०च्या आसपास देतो. थंडीत गाडी का पळायली होती, ते आता कळलं असेल. हे आकडे कोरड्या हवेचे आहेत. तुमच्याकडे पेट्रोलची वाफ होताना ते हवेची उष्णता ओढून घेतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून बराच खाली राहतो. कार्बोरेटर आधी ठेवण्याचा फायदा म्हणाल तर तो एवढाच.

आणखी एक, इथेनॉल. उसाचं गाव जवळ असल्याने आपल्याला त्याचं कौतुक, पण तुमच्या कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) साध्या पेट्रोलच्या मापाचे आहेत. साध्या पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साधारण साडेतेरा. जेट तेच ठेवले तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. बूस्टवर पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक पाडायची तयारी. मेन जेट मोठा करून घ्या आणि प्लगचा रंग पाहत राहा. पांढरे निघाले तर अजून मोठा करा.

आता लगेच काय करायचं? बूस्ट ०.२५च्या खाली उतरवा. टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्या, बूस्टच्या दर पीएसआयला (१ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) साधारण एक अंश. साध्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) हे मागे घेणं बूस्ट नसतानाही लागू होतं, त्यामुळे ॲव्हरेज थोडा पडेल, तो पडू द्या. टर्बोची ऑइल रिटर्न नळी जाड आणि सरळ खाली उतरती आहे का ते पाहा, फोटोत ती मला वाकलेली वाटते. ऑइल तुंबलं तर कुठलंही सील हात टेकतं.

पाण्याचा फवारा हाही जुना मार्ग आहे. अमेरिकेत १९६२मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली गाडी आली, तिचाही कार्बोरेटर टर्बोच्या आधी. इंटरकूलर नव्हता. कंपनी डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायची, नावही झोकात, 'टर्बो-रॉकेट फ्लुइड'. पण मालक ती टाकी भरायचेच विसरायचे. आपल्याकडे रेडिएटरचं पाणी पाहायचा कंटाळा, तेव्हा हा मार्ग मी कुणाला सहसा सुचवत नाही.

इंटरकूलरची हौस असेलच तर आधी रांग बदला. टर्बो, मग इंटरकूलर, मग कार्बोरेटर. हे जमतं. १९८५ची रेनॉ ५ जीटी टर्बो अशीच होती : १४०० सीसीच्या आतलं इंजिन, कार्बोरेटर, इंटरकूलर आणि ११५ हॉर्सपॉवर. इंजिन जवळपास तुमच्याच मापाचं. तापलेलं इंजिन बंद करून पुन्हा चालू करताना ती नखरे करायची, ते सोडा. या रांगेत हवा कोरडीच थंड होते, म्हणजे तो ९५-१०० अंशांचा आकडा चांगल्या इंटरकूलरने ६०-६५वर येतो. आपल्या मे महिन्यात ताकदीपेक्षा नॉकिंग टळतं, हेच मोठं.

पण काम वाढतं. सगळ्यात आधी पेट्रोल. जिप्सीचा डायफ्राम पंप ३-४ पीएसआय देतो आणि तुमचं बूस्ट आहे जवळपास ६. कार्बोरेटरमध्ये दाब जास्त आणि पेट्रोल मागून ढकलणारा अशक्त, तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) रिकामा होणारच. गाडी जोर धरते आणि ऐन चढावर मरते. त्यामुळे बूस्टबरोबर दाब वाढवणारा रेग्युलेटर आणि इलेक्ट्रिक पंप लागतो. फ्लोट चेंबरची श्वासनळीही कार्बोरेटरच्या तोंडाइतक्याच दाबाला जोडावी लागते, नाहीतर बूस्ट पेट्रोलला उलटं चेंबरमध्ये दाबून ठेवतो. पोकळ पितळी फ्लोट दाबाखाली चेपतो. थ्रॉटलचा शाफ्ट घासलेला असेल तर तिथून पेट्रोलचा फवारा बाहेर उडेल आणि तो कुठे, तर तापलेल्या एक्झॉस्टवर. शाफ्टला बुश मारून सील केल्याशिवाय मी ती गाडी चालू करू देणार नाही.

टर्बोबद्दलही सांगून ठेवतो. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो. तुमचा टर्बो त्या तापमानाला बनलेला आहे. घाटात फार वेळ पूर्ण पाय दाबून ठेवू नका.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या नोंदीत नसलेला बदल रस्त्यावर चालत नाही, आणि विमा कंपनीला क्लेम नाकारायला असंच निमित्त हवं असतं. शेतात, ट्रॅकवर काय ते करा.

प्रश्न : माझ्या डिझेल पिकअपला कंपनीचाच इंटरकूलर आहे. हंगामात जिनिंगला कापूस नेतो. दिवाळीनंतर गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते. टर्बो गेला का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : टर्बोला हात लावायच्या आधी पुढची जाळी काढून इंटरकूलर बघा. जिनिंगच्या आवारातली रुई पाकळ्यांत अडकते, वर काळ्या मातीची धूळ बसते, आणि त्याचा नमदा होतो. आतून बाहेर, म्हणजे इंजिनाकडून पुढे, हलक्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याची प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, पाकळ्या आडव्या होतात. एअर फिल्टर बदला. मग होज पाइपच्या क्लिपा पाहा. जिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसेल तिथून हवा गळतेय. एवढं करून धूर राहिला तर टर्बोचा शाफ्ट हलवून पाहू.