कलाटणी कुठे द्यावी?

प्रश्न : दिवाळी अंकासाठी 4000 शब्दांची कथा लिहिली आहे. दोन भाऊ, वडिलोपार्जित शेत, विक्रीवरून वाद. घटना भरपूर आहेत, तरी वाचणारे म्हणतात की कथा मध्येच रेंगाळते. कलाटण्या किती आणि कुठे हव्यात?

उत्तर : एवढ्या लांबीला दोन मोठ्या कलाटण्या पुरतात, फार तर मध्ये एखादी छोटी. पहिली 1000 शब्दांच्या आत, शेवटची 3000च्या आसपास. शेवटची थोडी पुढेमागे चालेल, पहिली उशिरा नको. खरी गल्लत होते ती घटना आणि कलाटणी यांत. भांडण, अबोला, पुन्हा भांडण या नुसत्या घटना. दोघे होते तिथेच राहतात. धाकट्याने परस्पर इसार घेतला आणि तो पैसा घराच्या डागडुजीत घालूनही टाकला, की परतीची वाट बंद. ही कलाटणी. शेवटची थोरल्याच्या निर्णयातून यावी. ऐनवेळी मृत्युपत्र सापडणे (संपादकांना याचा भारी कंटाळा!) शक्यतो टाळा, सापडायचेच असेल, तर ती ट्रंक पहिल्या दोन पानांतच दिसू द्या.

आता एकेक प्रसंग काढून पाहा. पुढचे एकही वाक्य बदलावे लागले नाही, तर तो खुशाल कापा. ही तपासणी दुसऱ्या भांडणापासून सुरू करा.