तानपुऱ्याची जवारी: नव्याने शिकणाऱ्यासाठी

तानपुरा घेतलास, छान केलंस. फक्त 'जवारी काढायची आहे' असं नाशकात कुणालाही सांगू नकोस, आधी 'किती एकर?' विचारतील.

घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, जो किंचित उतरता, घासून गुळगुळीत केलेला माथा तारांना खालून स्पर्श करतो, ती जवारी. त्या स्पर्शाने तारेला जी गुंजन येते तीही जवारीच. गवयाच्या 'आवाजाला जवारी आहे' म्हणतात तेव्हा घसा बसलाय असा अर्थ नसतो. स्वर भरलेला, झणकारता आहे, असा असतो. सतारीवाले 'खुली' आणि 'बंद' जवारी म्हणतात, ते तुला तूर्तास नको.

तुझं काम दोऱ्याशी. तार आधी सुरात लाव. मग तार आणि घोडी यांच्यामधला सुती दोरा अगदी हळू सरकवत तार छेडत राहा. एका जागी तार एकदम उघडते, म्हणजे गुंजन भरून येते. दोरा केसभर पुढे गेला की पुन्हा मिटते. खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार नीट उघडली की तिच्यातून गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो. तो येईपर्यंत गायला बसू नकोस. कालिदास कलामंदिरासारख्या एसी सभागृहात बसल्यावर सूर पुन्हा तपास, हवा बदलली की तारा हलतातच.

वर्षानुवर्षं वाजवून घोडीवर खाचा पडतात, मग दोरा कितीही सरकवला तरी उपयोग नाही. जवारी काढून घ्यावी लागते, म्हणजे माथा नव्याने घासून. हे मिरजेच्या कारागिरांसारख्या मुरलेल्या हाताचं काम, घरी कानस लावायची नाही. मोबाइलवरचा तानपुरा प्रवासात खुशाल वापर.