वडील ६८ वर्षांचे, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना पुन्हा चित्रं काढायची आहेत. या वयात, या आजारात काही होईल का?

होईल. ‘किती होईल’ हे मात्र वर्षभर तरी विचारू नका.

ठिपक्याठिपक्यांचे भोपळे करणाऱ्या जपानी चित्रकार यायोई कुसामा तुम्हाला ठाऊक असतील. जन्म १९२९चा. लहानपणापासून त्यांना भास होत आले आहेत: फुलं बोलायची, समोरची नक्षी खोलीभर पसरत जायची. १९७३ साली न्यूयॉर्कहून त्या परतल्या आणि १९७७पासून टोकियोतल्या मनोरुग्णालयात स्वतःहून राहायला लागल्या. मला त्यांच्या चित्रांपेक्षा हीच व्यवस्था जास्त भावते. मुक्काम रुग्णालयात, काम जवळच्या स्टुडिओत. रुग्णालय म्हणजे सगळं संपलं असं आपण धरून चालतो. यांचे ते मोठाले भोपळे त्यानंतरचे. १९९३मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, जपानच्या दालनात फक्त त्यांचं काम होतं, वय ६४. २००९मध्ये, ऐंशीव्या वर्षी, शंभरेक चित्रांची मालिका करायला घेतली, ती कित्येक शेकड्यांवर गेली.

पण आजारातूनच प्रतिभा येते, असं मनात धरू नका. मी ६३ वर्षांची, बायपोलर: मन कधी अति तेजीत, कधी पार खाली. तेजीत असले की एका रात्रीत वही भरायची. तेव्हा सगळं अप्रतिम वाटायचं, खाली आल्यावर पाहिलं तर गिरगोट्या. (दोन पानं खरंच बरी होती, ती ठेवली आहेत.) त्यावरच्या लिथियमच्या गोळ्यांनी हात थरथरायला लागला, बारीक रेघ गेली. चिडून गोळ्या सोडल्या आणि पुढचे चार महिने रेघही नाही, वहीही नाही. नंतर डॉक्टरांनी रक्तातली पातळी तपासून डोस कमी केला, थरथर बरीच उतरली. उरली तिच्यामुळे मी कागद फाडून चिकटवायला लागले. आता तेच माझं काम.

वडिलांना गोळ्यांची सुस्ती येत असेल तर ती कधी उतरते ते बघा आणि रोज त्याच वेळी रंग बाहेर काढा. चित्राचा अर्थ विचारू नका, ‘उद्या कुठला रंग लागेल?’ एवढं विचारा. झोप उडाली, किंवा आवाज सांगतो म्हणून काढतोय असं ते म्हणाले, तर उत्साह समजून खूश होऊ नका, डॉक्टरांना कळवा.

आणि पहिलं चित्र लगेच फ्रेम करून भिंतीवर लावू नका. माझ्या मुलानं लावलं होतं. त्यानंतर तीन आठवडे मी कागदाला हात लावला नाही.